प्रयत्नाच्या आधी परमेश्वर

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट आहे. रोममध्ये धर्मनिष्ठ मंडळींच्या सहवासात एका बिशपांनी संत ऑगस्टीन यांच्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथातील एक प्रार्थना बोलून दाखविली. देवाने आपल्याला हवी ती आज्ञा करावी, मात्र ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, असा त्या प्रार्थनेचा आशय. ऐकणाऱ्यांत ब्रिटनहून आलेला एक तपस्वी होता. त्याला ते शब्द सहन झाले नाहीत. त्याने इतक्या त्वेषाने विरोध केला, की प्रकरण हातघाईवर येते की काय असे वाटले. ही हकीकत पुढे कित्येक वर्षांनी खुद्द ऑगस्टीन यांनीच आपल्या उतारवयातील एका ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. त्या तपस्व्याचे नाव पेलाजियस. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एका फार मोठ्या वादाची ठिणगी त्या एका प्रार्थनेवरून पडली.

पेलाजियस म्हटले की ‘पाखंडी’ हा शब्द आपल्या तोंडी आपोआप येतो. धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत त्याला जी जागा मिळाली आहे ती तशीच आहे. तथापि आम्हाला त्या माणसाविषयी चार शब्द न्यायाने लिहावेसे वाटतात. तो दुराचारी नव्हता, लोभी नव्हता. स्वतः ऑगस्टीन यांनीही आरंभी त्याचा उल्लेख पवित्र जीवन जगणारा मनुष्य असाच केला होता. त्याच्या मनाला जी टोचणी लागली होती तीही खोटी नव्हती. इ. स. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने तो साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरविला. छळाच्या काळात ख्रिस्ती होण्यासाठी प्राण पणाला लावावे लागत; आता ख्रिस्ती होणे सोयीचे झाले. रोममधील श्रीमंत घराण्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला, पण गुलाम, मेजवान्या, सावकारी आणि दिमाख जिथल्या तिथे राहिला. ‘आम्ही दुबळी माणसे, आमच्याकडून हे व्हायचे नाही’ असे म्हणून जो तो आपली सुटका करून घेत असे. अशा लोकांना पेलाजियस सांगे : देवाने अशक्य ते कधी मागितलेले नाही. आज्ञा दिली आहे, म्हणजे ती पाळण्याची शक्ती तुमच्यात आहे. सबबी सांगू नका.

या उपदेशाने अनेकांना खडबडून जाग आली असणार. आजही एखाद्या प्रवचनात तो ऐकू आला तर आपण माना डोलावू. आपल्या भाषेत ‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण आहेच. पेलाजियसचे म्हणणे त्याहून फार वेगळे नव्हते. त्याच्या मते देवाने मनुष्याला बुद्धी दिली, स्वतंत्र इच्छाशक्ती दिली, मोशेच्या हातून नियमशास्त्र दिले आणि शेवटी प्रभू येशूच्या रूपाने एक परिपूर्ण आदर्श डोळ्यांपुढे ठेवला. ही सगळी देवाची कृपाच; हे तो नाकारीत नव्हता. मात्र एवढे देऊन झाल्यावर इच्छा करणे आणि कृती करणे हे सर्वस्वी आपले काम, असे तो मानी. बोलण्याची शक्ती देवाची, चांगले बोलणे आपले. पाहण्याची शक्ती देवाची, नजर निर्मळ ठेवणे आपले, असे त्याचे दाखले असत. थोडक्यात, देवाने भांडवल घालून दिले आहे, धंदा आपण करावा आणि अखेरच्या दिवशी हिशेब द्यावा.

हिप्पोच्या बिशपांचा अनुभव याच्या अगदी उलट होता. ऑगस्टीन यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील थागास्त येथे, आजच्या अल्जीरियात, झाला. आई संत मोनिका, वडील पात्रिसियस. बुद्धी असामान्य, वक्तृत्व त्याहून असामान्य; तिसाव्या वर्षी मिलानमध्ये सरकारी वक्तृत्वशिक्षकाचे मानाचे पद. सत्य काय आहे हे त्यांना बरेच आधी कळले होते. कळल्यानंतरही वळत नव्हते, ही त्यांची खरी व्यथा. मनाने शरीराला आज्ञा केली तर हात लगेच उचलला जातो, पण मनाने मनालाच आज्ञा केली तर ते ऐकत नाही, याचे त्यांना नवल वाटे. इ. स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत त्यांच्या आयुष्याला वळण लागले आणि ३८७ च्या पुनरुत्थान सणाच्या रात्री संत अम्ब्रोज यांनी त्यांना स्नानसंस्कार दिला, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मोनिकेच्या अश्रूंची कथा तर आपल्या आयांनी पिढ्यान् पिढ्या सांगितली आहे.

पण ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाचा दहावा भाग फारसे कोणी वाचीत नाही, आणि वादाला कारणीभूत झालेली प्रार्थना नेमकी तिथे आहे. पहिल्या नऊ भागांत तारुण्यातील पापे आहेत. ती सांगणे तुलनेने सोपे. संतचरित्रांत अशी पापे शोभूनही दिसतात. दहाव्या भागात मात्र ऑगस्टीन हे बिशप झाल्यानंतरच्या स्वतःविषयी लिहितात. स्वप्नांत जुनी चित्रे अजून येतात. भूक भागवताना गरज कुठे संपते आणि चव कुठे सुरू होते हे कळत नाही. स्तोत्रगायन ऐकताना शब्दांपेक्षा सुराकडेच मन ओढले जाते. लोकांनी स्तुती केली की बरे वाटते, आणि बरे वाटते म्हणून पुन्हा अपराधी वाटते. ज्याला लोक मेंढपाळ म्हणून वाकून नमस्कार करतात, त्याने हे सर्व लिहून साम्राज्यभर वाचू द्यावे! पेलाजियसला राग आला तो का, हे यावरून उमजते. त्याच्या दृष्टीने हा सेनापतीने सैन्यापुढे उभे राहून आपले पाय लटपटत असल्याचे सांगण्याचा प्रकार होता.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऑगस्टीन यांनी कृपेविषयीचे आपले मत पेलाजियसशी भांडताना बनविलेले नाही. ते बिशप झाले त्या सुमारास, म्हणजे ३९६ च्या आसपास, मिलानच्या सिम्प्लिसियान यांनी त्यांना पौलाच्या रोमकरांस पत्राविषयी काही प्रश्न विचारले होते. तोपर्यंत ऑगस्टीन असे मानीत, की श्रद्धेचे पहिले पाऊल माणसाचे आणि त्यानंतरची मदत देवाची. उत्तर लिहिता लिहिता ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील त्या प्रसिद्ध प्रश्नापाशी अडखळले : तुझ्याजवळ असे काय आहे, जे तुला मिळालेले नाही? पौलाच्या या प्रश्नाला अपवाद सापडेना. श्रद्धेचे पहिले पाऊलसुद्धा अपवाद ठरेना. इच्छाशक्तीची बाजू आपण शक्य तितकी लढवली, पण देवाच्या कृपेचा जय झाला, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने नमूद केले आहे.

२४ ऑगस्ट ४१० रोजी अलारिकच्या गॉथ सैन्याने रोममध्ये प्रवेश केला आणि तीन दिवस नगर लुटले. आठशे वर्षांत असे घडले नव्हते. श्रीमंत घराणी जहाजे भरून आफ्रिकेकडे पळाली. त्यांच्या पाठोपाठ त्यांचे गुरूही. पेलाजियस सिसिलीमार्गे हिप्पोला उतरला, पण ऑगस्टीन त्या वेळी तेथे नव्हते. पुढे कार्थेजमध्ये त्यांनी त्याला एकदोनदा पाहिले, इतकेच. जून ४११ मध्ये तेथे दोनातुसपंथीय बिशप आणि कॅथोलिक बिशप यांची मोठी सभा भरली होती, दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप जमले होते आणि ऑगस्टीन यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ज्या दोघांच्या नावांनी सोळा शतके वाद चालला त्यांची समोरासमोर बैठक कधी झालीच नाही. (दोनातुसपंथीयांचा दावाही निराळ्या वाटेने तिथेच जात होता, हे जाता जाता सांगितले पाहिजे. आमची ख्रिस्तसभा तेवढी शुद्धांची, असे ते म्हणत. ऑगस्टीन यांचे उत्तर असे, की शेतात गहू आणि निदण कापणीपर्यंत बरोबरच वाढणार.)

पेलाजियस पॅलेस्टाईनला निघून गेला. त्याचा शिष्य सेलेस्तियस कार्थेजमध्येच राहिला आणि त्याने गुरूपेक्षा अधिक स्पष्ट बोलून घोटाळा केला. आदामाच्या पापाने फक्त आदामाचे नुकसान झाले. नवजात बालक हे पतनापूर्वीच्या आदामाच्या स्थितीत असते. ख्रिस्ताच्या आगमनापूर्वीही निष्पाप माणसे होऊन गेली. अशी त्याची विधाने होती. मिलानचे दीक्षित सेवक पाउलिनुस, ज्यांनी संत अम्ब्रोज यांचे चरित्र लिहिले, त्यांनी तक्रार केली आणि ४११ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने सेलेस्तियसला दोषी ठरविले. आफ्रिकेतील सामान्य भाविकाला तत्त्वज्ञानातले किती कळले असेल ते असो; पण एक प्रश्न त्याला नक्की कळला. आपण तान्ह्या बाळांना स्नानसंस्कारासाठी का घेऊन जातो? बाळाने कोणते पुण्य केलेले नसते, काही मागितलेले नसते. ते झोपलेले असते किंवा रडत असते. दुसऱ्याच्या हातांवर येते आणि दुसऱ्याच्या तोंडून कबुली देते. माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे जातो हे खरे असेल, तर मंदिराच्या दाराशी असलेल्या त्या कुंडापाशी रोज जे चालले आहे ते काय? ऑगस्टीन यांनी हा मुद्दा पुन्हापुन्हा मांडला. ख्रिस्तसभेची प्रार्थना कशी आहे ते पाहा, म्हणजे तिची श्रद्धा कळेल, असा त्यांचा रोख होता.

या सर्व वादात आम्हाला सर्वांत बोलका वाटतो तो एका मुलीला लिहिलेल्या पत्राचा प्रसंग. अनिसी हे रोमचे अत्यंत धनाढ्य घराणे. त्यातील देमेत्रियास ही मुलगी आजी प्रोबा आणि आई युलियाना यांच्यासह कार्थेजला आली होती. ४१३ च्या सुमारास, लग्नाची तयारी झालेली असताना, तिने अविवाहित समर्पित जीवन स्वीकारले. सगळ्या ख्रिस्ती जगात त्याचा गवगवा झाला. आईने त्या काळच्या थोर आध्यात्मिक गुरूंकडे मुलीसाठी उपदेश मागितला. बेथलेहेमहून संत जेरोम यांनी लिहिले, पेलाजियसनेही लिहिले. पेलाजियसचे पत्र मोठे सुंदर आहे. मुलीला धीर देताना तो आधी मानवी स्वभावाचे सामर्थ्य तिला दाखवतो, कारण आपल्याला काय जमते हे कळले नाही तर मनुष्य प्रयत्नच करीत नाही. मग तो तिला सांगतो, की कुळ आणि संपत्ती तुला इतरांकडून मिळाली, पण आध्यात्मिक धन तुझ्याखेरीज तुला कोणी देऊ शकत नाही. ते तुझ्यातूनच यायचे आहे.

काही वर्षांनी ऑगस्टीन आणि त्यांचे स्नेही बिशप अलिपियस यांनी त्या मुलीच्या आईला पत्र लिहिले. त्यांनी नेमके हेच वाक्य हेरले होते. ते धन तिच्यात असले पाहिजे हे खरे, पण ते तिच्यातूनच उगवते हे विष आहे, असा त्यांचा इशारा. आम्ही ही दोन पत्रे जवळ जवळ ठेवून विचार केला, तेव्हा असे वाटले, की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला पहिल्या पत्राने हुरूप येईल. पण पंधरा वर्षांनी, व्रत रुक्ष वाटू लागल्यावर, एखादा मोठा दोष हातून घडल्यावर, ते पत्र पुन्हा उघडले तर त्यात तिला काय सापडेल? तुझ्यातच सारे होते आणि तू ते घालवलेस, एवढेच. ज्याच्या धर्मात सामर्थ्य स्वतःचे असते त्याच्या अपयशाला जागा उरत नाही. पेलाजियसने श्रीमंत आळशांना जागे करण्यासाठी जे शस्त्र उगारले, ते थकलेल्या माणसावरच कोसळते.

ऑगस्टीन यांनी उत्तरादाखल जे लिहिले ते रूक्ष सिद्धान्त नव्हते. पेलाजियसच्या डोळ्याच्या दाखल्याला त्यांनी डोळ्यानेच उत्तर दिले : डोळा कितीही निरोगी असला तरी प्रकाशावाचून त्याला दिसत नाही; आणि आपला डोळा तर निरोगीही नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला वाटसरू म्हणजे आपण. त्याला ‘ऊठ, तुला पाय आहेत, चालू लाग’ असे सांगणारा खोटे बोलत नाही, पाय असतातच. पण त्याला तेल-द्राक्षारस लावणारा, उचलून उतारशाळेत नेणारा कोणीतरी हवा असतो. ती उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा. तिच्यात आलेला प्रत्येकजण अजून बरा होतो आहे. बरा झालेला कोणी नाही, बिशपसुद्धा नाही.

घटना पुढे वेगाने घडल्या. डिसेंबर ४१५ मध्ये पॅलेस्टाईनमधील दियोस्पोलिस, म्हणजे बायबलमधील लोद, येथे चौदा बिशपांपुढे पेलाजियसची चौकशी झाली. आरोप करणारे दोन बिशप हजर राहिले नाहीत, चर्चा ग्रीक भाषेत चालली, पेलाजियसने सेलेस्तियसची विधाने नाकारली आणि तो निर्दोष सुटला. जेरोम संतापले, त्यांची जीभ तिखट होती आणि ‘आयरिश पेजेने फुगलेला’ हा त्यांचा टोमणा पेलाजियसलाच उद्देशून होता असे मानले जाते. ४१६ मध्ये आफ्रिकेतील दोन धर्मसभांनी रोमला कळविले; जानेवारी ४१७ मध्ये पोप पहिले इनोसंट यांनी त्यांना दुजोरा दिला आणि मार्चमध्ये ते निवर्तले. त्यांच्यानंतरचे पोप झोसिमस यांना प्रथम आरोपींची कैफियत पटली. नंतर त्यांनी मत बदलले आणि ४१८ च्या उन्हाळ्यात पेलाजियसच्या मताचा निषेध करणारे पत्र सर्वत्र पाठविले.

त्या वर्षी, १ मे रोजी, कार्थेजमध्ये दोनशेहून अधिक बिशप जमले होते. त्यांच्या निर्णयांपैकी दोन आपल्या रोजच्या प्रार्थनेसंबंधी आहेत आणि आमच्या मते ते सर्वांत मोलाचे आहेत. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण अपराधांच्या क्षमेची विनंती करतो. काही पेलाजियसवादी म्हणत, की संतांना स्वतःसाठी ही विनंती करण्याची गरज नाही, ते इतरांसाठी ती करतात. किंवा करतात तेव्हा ती केवळ नम्रतेची रीत असते, खरी नसते. कार्थेजच्या बिशपांनी हे साफ धुडकावले. संतसुद्धा ती विनंती स्वतःसाठी आणि खरेपणाने करतो. प्रार्थना करताना देवाशी सौजन्यापुरते खोटे बोलणारा माणूस कोणाला सहन होईल, असा त्यांचा सवाल होता. मिस्साच्या आरंभी आपण छातीला हात लावून जी पापकबुली देतो, ती वेदीवरचा धर्मगुरू, बिशप, पोपमहोदय आणि शेवटच्या बाकावरची म्हातारी एकाच शब्दांत देतात. त्यात कोणाचे शब्द शिष्टाचाराचे नसतात.

वाद धर्मसभांपुरता राहिला असता तर बरे झाले असते. कार्थेजच्या सभेच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिल ४१८ रोजी, सम्राट होनोरियसने पेलाजियस आणि सेलेस्तियस यांना रोममधून हद्दपार करण्याचा हुकूम काढला होता. झोसिमस यांच्या पत्रावर सही करण्यास नकार देणारे इटलीतील सुमारे अठरा बिशप पदच्युत झाले. त्यांचा म्होरक्या एक्लानुमचा तरुण बिशप ज्युलियन याने असा आरोप केला, की अलिपियस यांनी दरबारी अधिकाऱ्यांना आफ्रिकेचे ऐंशी घोडे नजराणा म्हणून नेले. आरोप शत्रूचा आहे, तो तितकाच घ्यावा. तरीही देवाच्या दयेचा सिद्धान्त राजाज्ञेच्या पाठबळाने लागू व्हावा ही विसंगती आम्हाला खटकते. तसेच स्नानसंस्काराविना मरण पावलेल्या बालकांविषयी ऑगस्टीन यांनी जो कठोर निष्कर्ष काढला, तो ख्रिस्तसभेने कधीच पुरतेपणी आपला मानला नाही. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम आधार असल्याचे म्हटले आहे. दयेवर बोलणाऱ्या आचार्यांपेक्षा दया मोठी आहे.

पेलाजियस यानंतर इतिहासातून दिसेनासा होतो. पण पराभूत मताची जागा दुसऱ्या टोकाच्या चुकीने घेतली. ४२६ च्या सुमारास हद्रुमेतुम येथील, म्हणजे आजच्या ट्युनिशियातील, मठात ऑगस्टीन यांचे एक पत्र पोहोचले आणि तरुण मठवासीयांत गोंधळ माजला. सारे देवाच्या कृपेनेच होत असेल तर मठाधिपती आम्हाला रागावतात कशाला? आमच्याकडून चूक झाली, याचा अर्थ कृपा मिळाली नाही. त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना करावी आणि गप्प बसावे! ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही वृत्ती त्या मठातही पोहोचलेली होती म्हणायची. वृद्ध ऑगस्टीन यांनी त्यांच्यासाठी दोन लहान ग्रंथ लिहिले. कृपा इच्छाशक्तीला मारीत नाही, तिला बरी करते. आई मुलाला चालायला शिकवताना बोट धरते. पावले मुलाचीच असतात. (हा दाखला आमचा आहे, ऑगस्टीन यांचा नाही.) आणि रागावणे हेही कृपेचे एक साधन असू शकते, हे त्यांनी त्या तरुणांना ठणकावून सांगितले.

दक्षिण फ्रान्समधील मार्सेय परिसरातील मठांत निराळाच सूर होता. जॉन कॅसियन हे तेथील थोर गुरू. पूर्वेकडील वाळवंटात तपस्व्यांच्या पायाशी बसून आलेले. त्यांना पेलाजियस मुळीच मान्य नव्हता. मात्र कधी कधी तरी पहिले पाऊल माणसाचे असते, डाकू किंवा जक्खय आधी देवाकडे वळतो आणि मग देव धावून येतो, असे त्यांना वाटे. आपल्या म्हणीत सांगायचे तर ‘प्रयत्नांती परमेश्वर’. किती समंजस वाटते! आणि नेमके हेच शंभर वर्षे धुमसत राहिले. ३ जुलै ५२९ रोजी ओरांज येथे एका नव्या मंदिराच्या अर्पणविधीसाठी जमलेल्या चौदा बिशपांनी, आर्लचे बिशप संत सेझारियस यांच्या पुढाकाराने, पंचवीस निर्णयांवर सह्या केल्या. काही प्रापंचिकांनीही सह्या केल्या. त्यांचे सार असे, की आपण हाक मारतो म्हणून कृपा येते असे नाही; हाक मारावीशी वाटते तीच कृपा. जक्खय उंबराच्या झाडावर चढला खरा, पण त्या वाटेने प्रभूला यायचे होते. त्याच बिशपांनी हेही सांगून टाकले, की देवाने कोणालाही वाईटासाठी नेमलेले नाही, आणि तसे नेमले आहे असे मानणाऱ्याचा आम्ही धिक्कार करतो. इ. स. ५३१ मध्ये पोप दुसरे बोनिफास यांनी या निर्णयांना मान्यता दिली.

ऑगस्टीन तोवर जाऊन शतक उलटले होते. त्यांचा अंत त्यांचे शिष्य आणि चरित्रकार बिशप पोसिदियस यांनी पाहिला. इ. स. ४३० च्या उन्हाळ्यात गेन्सेरिकच्या वांडल सैन्याने हिप्पोला वेढा घातला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ऑगस्टीन तापाने अंथरुणाला खिळले. ज्युलियनला द्यावयाचे उत्तर लिहून पुरे झाले नव्हते. ते तसेच राहिले. ते नेहमी म्हणत, की नावाजलेल्या ख्रिस्ती माणसाने आणि बिशपानेही पश्चात्ताप केल्यावाचून देह ठेवू नये. त्यांनी दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे मोठ्या अक्षरांत लिहवून घेतली, बिछान्यावरून दिसतील अशी भिंतीवर लावायला सांगितली, आणि ती वाचून ते रडत. अखेरचे दहा दिवस वैद्य येत तेव्हा आणि जेवण आणले जाई तेव्हा वगळता कोणीही खोलीत येऊ नये, अशी त्यांची विनंती होती. मृत्युपत्र केले नाही, कारण देवाच्या त्या गरिबाकडे देण्यासारखे काही नव्हते. २८ ऑगस्ट रोजी, शहात्तराव्या वर्षी, ते गेले. चाळीस वर्षे कृपेवर लिहिलेला माणूस भिंतीवरच्या क्षमेच्या प्रार्थनांकडे डोळे लावून मेला. ज्युलियनने हे पाहिले असते तर त्याला वादाचा मुद्दा अधिक लवकर कळला असता.

त्यांच्या नावाचा संघ १५७२ मध्ये गोव्यात आला. जुन्या गोव्याच्या टेकडीवर उभ्या असलेल्या त्या लाल जांभ्याच्या मनोऱ्याच्या अवशेषांपाशी आपल्यापैकी अनेकांनी सावलीला बसून डबे उघडले असतील. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने संघाला घालवून दिले, १८४२ मध्ये मंदिराचे छप्पर कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग पडला.

मोठ्या माणसांच्या नावाचा गैरवापरही मोठा होतो. १६४० मध्ये ‘ऑगस्टिनुस’ याच नावाचा, लूव्हँचे पंडित आणि ईप्रचे बिशप जान्सेन यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला आणि फ्रान्समध्ये एक कडक पंथ उभा राहिला. माणूस इतका पतित आहे, की त्याने पवित्र कम्युनियन घेण्यापूर्वी दीर्घ तयारी करून आपली पात्रता सिद्ध करावी, असा त्यांचा आग्रह. १६४३ मध्ये आंत्वान आर्नो यांनी वारंवार कम्युनियन घेण्याविरुद्ध जाडजूड ग्रंथ लिहिला. कृपेच्या नावाने आरंभ करून शेवटी कृपा हे पात्रतेचे बक्षीस करून टाकले! ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये या विषयावर समतोल निर्णय दिलेला असूनही ही धास्ती अडीचशे वर्षे लोकांच्या मनात राहिली. पोप संत दहावे पायस यांनी १९०५ मध्ये वारंवार, अगदी रोजही, कम्युनियन घेण्यास उत्तेजन दिले आणि १९१० मध्ये सातव्या वर्षाच्या सुमारास, समज येताच, मुलांना ते देण्याचा आदेश काढला. आपल्या धर्मग्रामांत पांढऱ्या कपड्यांतल्या चिमुरड्यांची जी रांग दरवर्षी वेदीकडे जाते, तिच्यामागे हा सगळा इतिहास उभा आहे.

त्या धास्तीच्याच हवेत नॉर्मंडीतील लिझ्य येथे एका घड्याळजीची मुलगी वाढली. बाळ येशूची संत तेरेजा लहानपणी अपराधीपणाच्या आजाराने इतकी ग्रासलेली होती, की प्रत्येक लहानसा विचार तिला पाप वाटे. पंधराव्या वर्षी ती कार्मेल मठात गेली. तिने ऑगस्टीन किंवा पेलाजियस यांच्या वादावर एक ओळ लिहिली नाही. ९ जून १८९५ रोजी, त्रैक्याच्या सणाला, तिने स्वतःला देवाच्या दयाळू प्रेमाला अर्पण केले. त्या काळी मठांतून पुष्कळ भगिनी पाप्यांच्या शिक्षा आपल्यावर ओढवून घेण्यासाठी देवाच्या न्यायाला स्वतःचे अर्पण करीत. तेरेजाला ते धाडस नको होते. आयुष्याच्या संध्याकाळी आपण रिकाम्या हातांनी देवापुढे उभे राहू, आपली सत्कृत्ये मोजण्याची विनंती करणार नाही, असे तिने त्या अर्पणपत्रात लिहिले. दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर १८९७ रोजी, क्षयाने तिचा मृत्यू झाला, वय चोवीस. १९ ऑक्टोबर १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून घोषित केले आणि ती ऑगस्टीन यांच्या पंक्तीत बसली. देमेत्रियासला लिहिलेल्या पहिल्या पत्राला एखाद्या मुलीने उत्तर द्यायचे राहिले होते. ते चौदाशे ऐंशी वर्षांनी मिळाले असे आम्हाला वाटते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १९ मार्च २०१८ रोजी पावित्र्याविषयी एक प्रबोधनपत्र काढले. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात पावित्र्याचे दोन छुपे शत्रू सांगताना त्यांनी एकाला थेट पेलाजियसचेच नाव दिले आहे. तोंडाने देवकृपेचे गोडवे गायचे, मनातून मात्र आपल्या नियमपालनावर, आपल्या संस्थांवर, आपल्या कार्यक्रमांच्या यशावर विसंबायचे आणि जे कमी पडतात त्यांच्याकडे वरून पाहायचे, असे त्याचे लक्षण. धर्मग्रामाच्या सणाचा जमाखर्च वाचताना, मंडळांच्या निवडणुकांत, मुलांच्या यशाची जाहिरात करताना आपण स्वतःला ताडून पाहावे. त्या प्रकरणात पोप फ्रान्सिस यांनी आधार म्हणून ज्या जुन्या निर्णयांचा हवाला दिला आहे, त्यांत ५२९ साली ओरांजला सह्या करणारे ते चौदा बिशपही आहेत. आणि ८ मे २०२५ रोजी पेत्राच्या आसनासाठी निवडून आलेले पोप चौदावे लिओ हे ऑगस्टीन यांच्याच संघाचे. बाणाने विंधलेले हृदय आणि त्याखाली मिटलेला ग्रंथ, हे त्या संघाचे जुने चिन्ह त्यांच्या राजमुद्रेवर आहे.